दसऱ्याचा झेंडू आणि पाव इंच माती



आडसाली उसाची लावण झाली की बिल हाती पडेपर्यंत दीड वर्ष काढावे लागते. मधल्या काळात घरखर्चाला हातभार म्हणून पुष्कळ सभासद उसात किंवा बांधाकडेने झेंडू करतात. दसरा गाठला तर दोन पैसे सुटतात. दसरा हुकला की तोडणीची मजुरीही अंगावर येते. तेव्हा सारा हिशेब वेळेवर उगवलेल्या रोपांवर आहे.

रोपाला पंचवीस-तीस दिवस आणि पुढे फुलाला साधारण दोन महिने धरून दसऱ्याच्या मागे नव्वद दिवस मोजा. पेरणी जुलैत, ऐन पावसात येते. गगनबावड्याकडे पावसाच्या माराने वाफा दडपतो. शिरोळकडे उघडीप पडली की भारी जमिनीवर पापडी धरते. बी खोल पडले असेल तर कोंब वर येत नाही, आणि आपण बियाण्याला नावे ठेवतो.

उसाच्या कांडीत कोंबासाठी भरपूर शिदोरी असते. झेंडूचे बी मात्र एका ग्रॅमला तीनशेच्या आसपास बसते, त्यात शिदोरी ती किती! दोन इंच मातीतून वर येईपर्यंत ती संपते. म्हणून बी पाव इंचच खोल टाका. गादीवाफा वीतभर उंच करा, काडीने रेघा ओढा, बी विरळ टाकून चाळलेले शेणखत व वाळू यांनी झाका. वर पाचटाचा पातळ थर द्या व झारीने पाणी घाला. कोंब दिसताच संध्याकाळी पाचट काढा, नाहीतर रोपे लांबट होतात.

दुसरी गोष्ट भिजवण्याची. भाताचा रहू आपण घालतोच. इथे मात्र मोड येऊ द्यायचे नाहीत. बी फडक्यात बांधून सहा ते आठ तास स्वच्छ पाण्यात ठेवा, नंतर सावलीत सुटे होईपर्यंत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. आतली हालचाल आधीच सुरू झाल्याने उगवण लवकर व एकसारखी होते. रंगीत औषध लावलेले संकरित बी मात्र भिजवू नये, औषध धुऊन जाते.

आमच्या सांगण्यावर जाऊ नका. शंभर बिया भिजवून आणि शंभर कोरड्या शेजारी पेरा, आठव्या दिवशी दोन्हीकडची रोपे मोजा. आकडे गट कार्यालयात कळवा, म्हणजे इतर सभासदांनाही उपयोग होईल.