हात लावू नकोस!

‘तुमचा धाकटा शाळेत बसतो का हो?’ हा प्रश्न जून महिन्यात जिन्यावर, भाजीच्या गाडीपाशी, इतकेच काय, कुणाच्या साठीशांतीच्या पंगतीतसुद्धा ऐकू येतो. मूल शाळेत रमते का, काही करते का, असे कोणी विचारीत नाही. ‘बसते’ का, एवढीच चौकशी! तीन वर्षांच्या जिवाने तीन तास एका जागी बसावे, आणि बसला तर शाळा चांगली, ही आपली साधी सरळ कसोटी.

खरे पाहता बसणे ही मोठ्या माणसांची सोय आहे. या वयाचे शिकणे हातापायांत असते. आणि त्या हातांना दिवसभर आपण एकच मंत्र ऐकवतो : हात लावू नकोस! तांब्याला हात लावू नकोस, सांडेल. कणकेला हात लावू नकोस, खरकटे करशील. निरांजनाला, सुपाला, बाबांच्या फोनला हात लावू नकोस. (जेवताना घास भरवायचा असला म्हणजे तोच फोन आपण होऊन हातात देतो, ही गोष्ट निराळी.)

मी डोंबिवलीला एका इमारतीच्या तळमजल्यावर गेली २२ वर्षे बालवाडी चालवते. खोल्या दोन, मुले ३०, पुढे फरशी घातलेले अंगण आणि कोपऱ्यात एक पारिजातक. मी कोणी शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. पण इतकी वर्षे मुलांच्या हातांकडे पाहत आल्यामुळे चार गोष्टी सांगण्याचे धाडस करते.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे नाव आज गल्लोगल्लीच्या पाट्यांवर दिसते. पण त्या पाटीमागची हकीकत फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. बाई मूळच्या डॉक्टर. १९०७ च्या जानेवारीत रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले ‘बालगृह’ उघडले. चाळीतले आईबाप कामावर जात, मागे मुले जिने आणि भिंती खराब करीत. त्यांना कुठेतरी गुंतवावे, एवढाच घरमालकांचा हेतू. तेथे बाईंना एक तीनेक वर्षांची मुलगी दिसली. लाकडी ठोकळ्यातले दट्टे काढायचे आणि पुन्हा आपापल्या भोकांत बसवायचे, हा तिचा उद्योग चालला होता. बाईंनी बाकीच्या मुलांना भोवती गाणी म्हणायला लावली. मुलगी मान वर करीना. शेवटी ती बसली होती ती खुर्चीच उचलून टेबलावर ठेवली. तिने दट्टे मांडीवर सावरले आणि काम पुढे सुरू! चाळीसहून अधिक वेळा तिने तो खेळ केला आणि मग आपणहून थांबली. दमून नव्हे, झोपून उठल्यासारखी ताजीतवानी होऊन.

त्या दट्ट्यांच्या पेटीत काय जादू आहे, हे जरा सविस्तर सांगण्याजोगे आहे. पेटीत दहा दट्टे, दहा भोके. बारीक दट्ट्या चुकून मोठ्या भोकात गेला तर तो बसतो, कुणाची हरकत नसते. पण सरतेशेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरतो आणि त्याला घरच सापडत नाही! मूल थबकते, पाहते, सगळे काढून पुन्हा मांडते. ‘चुकलास’ असे कोणी म्हणावे लागत नाही, पेटीच सांगते. पेटीने सांगितलेली चूक मुलाला लागत नाही; आपण सांगितलेली लागते. शिवाय प्रत्येक दट्ट्याला वर इवलीशी मूठ असते. ती धरायला अंगठा आणि दोन बोटे पुरतात. हीच बोटे पुढे पेन्सिल धरतात. मूल लिहायला बसते त्याच्या कितीतरी आधी त्याचा हात लिहिण्याची तयारी करीत असतो, ती अशी.

तसाच दहा घनांचा गुलाबी मनोरा. सर्वांत लहान घन एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा. मोठ्याच्या पोटात लहान घन बरोबर एक हजार मावतील. हे गणित मुलाला कोणी सांगत नाही. पण तो थोरला घन दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणताना आणि धाकटा चिमटीत धरून वर ठेवताना त्याच्या स्नायूंना जे कळते, ते पुढे पाटीवरच्या आकड्यांना उपयोगी पडते.

मॉन्टेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. परंतु त्यांचा विचार त्यांच्या आधीच येऊन पोचला होता. भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. चांगली चाललेली वकिली सोडून हे गृहस्थ मुलांत रमले, आणि लोकांनी कौतुकाने त्यांना ‘मुछाळी माँ’, म्हणजे मिशीवाली आई, अशी पदवी दिली! १९२३ मध्ये तेथे ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या. पुढे १९३६ साली त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढला. आपल्या शहरी मध्यमवर्गाला बालशिक्षणाची ओळख झाली ती बरीचशी या बाईंमुळे.

दादरला नाव झाले, तेथेच थांबल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. पण १९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई डहाणूजवळ बोर्डीला गेल्या. पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि त्यानंतर हट्टाने शिकलेल्या. या दोघींपुढे अडचण अशी की, परदेशी घाटाची ती महाग साधने खेड्यात आणायची कोठून? त्यांनी ती आणलीच नाहीत. शंखशिंपले, बिया, पाने, खडे, मातीची बोळकी, बांबूचे तुकडे हीच साधने झाली. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत हे सारे समुद्रकिनाऱ्यावर फुकट पडलेले होते! शाळेत जी मुले येईनात, त्यांच्या वस्तीतल्या अंगणात शाळा जाऊ लागली, ती अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथली वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. ती कुरणशाळा. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत हे काम सोडले नाही. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हाच शब्द देशभर गेला. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई ज्या अंगणवाडीत मूल सोडून येतात, तिच्या नावाचे मूळ असे बोर्डीच्या अंगणांत आहे.

आता माझ्या बालवाडीतली एक हकीकत. गेल्या वर्षी एक सव्वातीन वर्षांचे चिरंजीव आले. बोलणे जवळजवळ नाही, नजर जमिनीकडे. पहिल्या दिवसापासून त्याला एकच काम आवडले : छोट्या लोट्यातले पाणी दोन पेल्यांत ओतायचे. पाणी सांडायचे. शेजारी फडके ठेवलेले असते, तो पुसायचा, पुन्हा ओतायचा. आमच्या नव्या ताई दोनदा मदतीला धावल्या, दोनदा मी त्यांना नजरेने थांबवले. दहा-बारा दिवस हेच. मग एका सकाळी दोन्ही पेले काठोकाठ भरले आणि खाली एक थेंब नाही. त्याने कोणाला हाक मारली नाही, टाळ्यांची वाट पाहिली नाही. पेल्यांकडे पाहून स्वतःशीच हसला, उठला, आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, ‘तुला पाणी हवं?’ बालवाडीत त्याने उच्चारलेले ते पहिले पूर्ण वाक्य.

साडेबाराला आई दाराशी आली. ‘ताई, आज काय लिहिलं त्याने?’

मी पाण्याची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकली आणि म्हणाली, ‘ताई, तुमचं पटतं हो मला. पण आमच्या शेजारची मुलगी पन्नासपर्यंत आकडे लिहिते. त्या मोठ्या शाळेत पुढच्या वर्षी हेच बघतात. ह्याला तिथे घेतलं नाही तर घरी मी काय सांगू?’ दिवाळीनंतर मुलगा आला नाही. आता तो चार रेघी वहीत ओळी भरतो, असे ऐकते.

त्या आईला नावे ठेवणाऱ्यांतली मी नव्हे. तिची भीती खोटी नाही. दोन खोल्यांचे घर, कर्जाचा हप्ता, एकुलते एक मूल, आणि प्रवेशाच्या रांगेत सारे पुढे निघून जातील ही धास्ती. दोष असलाच तर तीन वर्षांच्या मुलाची पारख वहीवरून करणाऱ्यांचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकसलग पायाभूत टप्पा मानला, खेळातून आणि कृतीतून शिक्षण असे स्पष्ट म्हटले; २०२३ साली खेळणी आणि साधने भरलेला ‘जादुई पिटारा’ही निघाला. कागदावर ताराबाई जिंकल्या! शाळेच्या दारात मात्र वही अजून भारी आहे.

आणि अक्षरे शिकवूच नयेत, असेही कोणी म्हटलेले नाही. मॉन्टेसरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे केली. मूल त्यांवरून बोट फिरवते आणि उच्चार करते. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्या पणजोबांनी धूळपाटीवर बोटानेच अक्षरे गिरवली. ‘धुळाक्षरे’ हा शब्द उगाच नाही आला. ताटात रांगोळी पसरून त्यात बोटाने ‘ग’ काढून पाहू द्या. चुकला तर ताट हलवले की पाटी कोरी. खोडरबराने फाटलेल्या कागदाचे दुःख त्यात नाही.

दिवाळीत तर आपल्या घरी एक उत्तम बालमंदिर आपोआप उभे राहते. आपले लक्ष जात नाही इतकेच. मी किल्ल्याविषयी म्हणते. विटा, दगड, माती, वर चिखलात बुडवलेले गोणपाट, त्यावर पेरलेले अळीव. माती किती भिजवली म्हणजे बुरूज ढासळत नाही, हे कोणत्या पुस्तकात आहे? अळीव आज पेरले तर आज उगवत नाहीत, ही वाट पाहण्याची शिकवण कोणता गुरुजी देतो? पण परवा एका सोसायटीतला किल्ला पाहायला गेले. दिव्यांच्या माळा, वीजपंपावरचा धबधबा, फलकावर सुवाच्य माहिती. पहिले बक्षीसही मिळालेले. चार वडीलमंडळी घामाघूम होऊन तटबंदीवर रंग मारीत होती. आणि एक चार वर्षांची मुलगी हातात थापी घेऊन बाजूला उभी होती. ‘मी लावू?’ असे तिने माझ्यादेखत तीनदा विचारले. ‘हात लावू नकोस, ओला आहे!’ दुकानात तयार किल्लेही विकत मिळतात. त्यांनी निदान मुलाला आशा तरी लावलेली नसते.

तेव्हा यंदा निदान एक बुरूज वाकडा होऊ द्यावा. करंज्या भरताना पिठाची एक लाटी आणि लहान पोळपाट मुलाला वेगळा द्यावा. त्याची करंजी तळताना फुटली तर फुटू द्यावी. चपला ठेवायला त्याच्या उंचीचा एक कप्पा, कपडे अडकवायला त्याच्या उंचीची एक खुंटी, आणि स्वयंपाकघरात खालच्या फळीवर त्याचा स्वतःचा लहान तांब्या असावा. पहिला आठवडाभर शेजारी एक फडके ठेवावे. ते त्याच्यासाठी आहे. सांडल्यावर आपण ते उचलायचे नाही.