मुलांच्या पावलांनी बेन ॲन

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंचीचे आहे. ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर, स्कॉटलंडचे बेन नेव्हिस, १३४५ मीटरचे. म्हणजे कळसूबाईहून तब्बल ३०१ मीटरने ठेंगणे. ज्या घरातील मुले शिड्यांवरून कळसूबाई चढून आली आहेत, त्या घराला स्कॉटलंडचे डोंगर फिरायला जाण्याच्या टेकड्या वाटाव्यात, असेच हे आकडे सांगतात. परंतु बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात एक वेधशाळा चालविली जात होती आणि तिच्या नोंदींनुसार तेथील वार्षिक सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास होते. कळसूबाई विसाव्या अक्षांशाच्या अलीकडे आहे, बेन नेव्हिस छपन्नाव्याच्या पलीकडे. त्यात अटलांटिक महासागरावरून येणारे ओले, बोचरे वारे. सकाळी ऊन, अकराला धुके, बाराला आडवा पाऊस आणि एकला पुन्हा ऊन, असा दिवस तेथे जुलैतही अपवाद मानला जात नाही.

शिक्षण, नोकरी किंवा व्यापाराच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुला-सुनांकडे उन्हाळ्यात जाणारी कुटुंबे आता आपल्या समाजात दुर्मीळ राहिलेली नाहीत. राजवाडे, किल्ले, बाजारपेठा पाहून झाल्यावर नातवंडे डोंगराचा हट्ट धरतात. अशा वेळी बेन नेव्हिसचे नाव प्रथम पुढे येते. ते बाजूला ठेवावे. चार-पाच वर्षांपासून दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी योग्य असा एक डोंगर ग्लासगोहून मोटारीने सव्वा-दीड तासावर, ट्रॉसॅक्स या वनप्रदेशात आहे. त्याचे नाव बेन ॲन. उंची अवघी ४५४ मीटर.

‘बेन’ म्हणजे गेलिक भाषेत डोंगर. मात्र या डोंगराचे मूळ गेलिक नाव ‘अम बिन्नेन’, म्हणजे लहान टोकदार शिखर, असे होते. आजचे नाव कवी आणि कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या लेखणीतून रूढ झाले. त्यांचे ‘द लेडी ऑफ द लेक’ हे काव्य १८१० साली प्रसिद्ध झाले आणि त्यातील सरोवर पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. एका काव्यामुळे एखाद्या दुर्गम खोऱ्याची अर्थव्यवस्थाच बदलावी, हे व्यापारी मनालाही विचार करायला लावणारे आहे.

वाट रस्त्यालगतच्या वाहनतळापासून सुरू होते आणि सुरू होताच चढू लागते. पूर्वी हा टप्पा लार्चच्या दाट झाडीतून जात असे. झाडांना लागलेल्या रोगामुळे २०१६-१७ च्या सुमारास ती तोडावी लागली, आणि त्यामुळे आता मागे वळून पाहिले की खाली लॉख आक्रे हे सरोवर लवकरच दिसू लागते. ‘लॉख’ हा तेथील सरोवराचा शब्द. पुढे ओढ्यावरचा पूल लागतो, त्यानंतर वाट काहीशी सपाट होते आणि समोर एकाएकी सुळका उभा राहतो. मुले येथे हमखास थबकतात. शेवटचा टप्पा ओढ्याच्या काठाने बसविलेल्या दगडी पायऱ्यांचा, दमछाक करणारा. माथ्याच्या मागील बाजूने वळसा घालून वाट खडकाळ शिखरावर पोहोचते. पश्चिमेकडे लॉख कॅट्रिनचे लांबच लांब पाणी, पलीकडे ७२९ मीटरचा बेन व्हेन्यू आणि क्षितिजावर डोंगरांच्या ओळी. इतक्या कमी श्रमात एवढे दृश्य देणारे डोंगर फार नाहीत. परंतु दक्षिणेच्या अंगाला सरळ कडे आहेत आणि माथ्यावर कठडा नाही. तेथे लहान मुलाचा हात सोडता कामा नये.

जाऊन-येऊन अंतर सुमारे ४ किलोमीटर, चढ सुमारे ३४५ मीटर. यास वेळ किती लागेल, याचा हिशेब करण्याची रीत स्कॉटलंडनेच जगाला दिली आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम मांडला: दर तीन मैलांना एक तास आणि त्यावर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आजच्या मापात, तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला वाढीव एक तास. या नियमाने बेन ॲनचे ४ किलोमीटर म्हणजे ४८ मिनिटे आणि ३४५ मीटर चढ म्हणजे साधारण ३५ मिनिटे. एकूण १ तास २३ मिनिटे. हा हिशेब धडधाकट, न थांबणाऱ्या प्रौढाचा आहे. सहा वर्षांच्या मुलासाठी तो दुप्पट करावा आणि खाण्यापिण्याचे, चिखलात काठी बुडविण्याचे थांबे वेगळे धरावेत. तीन ते साडेतीन तास हा प्रामाणिक अंदाज ठरेल. उतरताना वेळ वाचेल, हा भ्रम आहे. प्रौढाच्या पोटरीएवढी पायरी लहान मुलाच्या गुडघ्याला लागते. ती चढताना मौज वाटते, उतरताना प्रत्येक पायरीला हात द्यावा लागतो.

हिशेबाचा खरा कस लागतो तो मध्येच. साडेदहाला निघालेले कुटुंब साडेबारा वाजता अखेरच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी आहे, धुके उतरू लागले आहे आणि धाकटी मुलगी गप्प झाली आहे. शिखर डोक्यावर दिसते आहे. विमानाची तिकिटे, भाड्याची मोटार, मुलाने घेतलेली रजा, ‘पुन्हा केव्हा येणे होणार’ हा विचार, सारे त्या क्षणी वडीलधाऱ्यांच्या मनात एकत्र उभे राहते. ‘आलंच आता, एवढंच राहिलंय,’ हे वाक्य येथेच उच्चारले जाते. मराठी आई-वडिलांच्या तोंडी ते इतके बसले आहे, की ते असत्य आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुलांच्या मात्र येते. तिसऱ्या वेळी ‘आलंच’ ऐकल्यावर मूल डोंगराविषयी नव्हे, तर सांगणाऱ्याविषयी साशंक होते.

खरेदीभाव डोळ्यांपुढे ठेवून पडत्या बाजारात माल धरून बसणारा व्यापारी कोठे जातो, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. झालेला खर्च परत येत नाही. पुढचा निर्णय पुढच्या जोखमीवर घ्यावयाचा असतो. दुकानात जे तारतम्य सहज पाळले जाते, ते सहलीत का सुटते, हे एक कोडेच आहे. शिखराची ओढ बहुतेक वेळा मोठ्यांची असते. मुलांना ओढ्यातला दगड आणि शिखरावरचा दगड यांत विशेष भेद वाटत नाही. म्हणून परतीची वेळ वाहनतळावरच, सर्वांच्या देखत ठरवावी: साडेबारा वाजता जेथे असू तेथून मागे फिरायचे. शक्य तर घड्याळ थोरल्या मुलाच्या हाती द्यावे. नियम राखण्यात मुले मोठ्यांहून कडक असतात. या वाटेची सोय अशी की ओढ्यावरचा पूल, सुळका प्रथम दिसतो ती सपाटी आणि पायऱ्यांचा पायथा या तिन्ही ठिकाणी थांबून परतले तरी सहल पुरी झाल्यासारखी वाटते. ‘आज पुलापर्यंत जायचे’ असे आधीच बोलून ठेवले, की त्यापुढचे प्रत्येक पाऊल मुलांना कमाई वाटते.

गप्प झालेल्या मुलीचा उल्लेख वर आला, तो सहज नव्हे. थंडी बाधू लागलेले मूल प्रत्येक वेळी कुडकुडत नाही. ते किरकिर करते, मग बोलणे टाकते, अडखळू लागते, आवडीचा खाऊ नाकारतो म्हणते. यातील काहीही दिसले तर कोरडे कपडे, टोपी, गोड खाऊ, गरम दूध आणि परतीची वाट, याच क्रमाने हालचाल व्हावी. सर्वांत अधिक धोका पाठीवरच्या बेबी कॅरियरमधील बाळाला असतो. ते घेऊन चढणारा पिता घामाघूम होतो, जॅकेट उघडतो आणि बाळही उबेत असेल असे धरून चालतो. बाळ मात्र तासभर निश्चल बसून वारा खात असते; लोंबकळणारी पावले प्रथम गार पडतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याच्या मानेखाली आणि पावलांना हात लावून पाहणे, हा एकच भरवशाचा उपाय.

कपड्यांविषयी थोडक्यात: जीन्स आणि सुती बनियन भिजले की अंगाला चिकटून उष्णता ओढून घेतात, म्हणून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, त्यावर टोपीसह जलरोधक जॅकेट, पिशवीत जादा मोजे व हातमोजे. जुलैतही. डोंगराळ हवामानाचा स्वतंत्र अंदाज ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’ देते. शहराचा अंदाज पाहून डोंगर चढू नये, विशेषतः वाऱ्याचा.

संकट आलेच तर ९९९ क्रमांकावर प्रथम पोलीस आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागावे लागते. ही पथके स्वयंसेवकांची असतात आणि मदतीचे मूल्य घेत नाहीत. मोबाइलला सर्वत्र जोड मिळत नाही. फोन लागत नसताना कधीकधी संदेश जातो. त्यासाठी ९९९ वर ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत पाठवून आधी नोंदणी करावी लागते, ती घरूनच करावी. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिटी असावी. मिनिटभरात सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता, हा तेथील मदतीचा संकेत. उत्तर तीन शिट्यांचे. हा संकेत घरीच खेळातून शिकवावा आणि डोंगरावर उगाच शिटी वाजवायची नाही, हेही त्याच वेळी ठसवावे.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने जमीन कोणाचीही असो, बहुतेक मोकळ्या प्रदेशात जबाबदारीने चालण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. त्याची दुसरी बाजू म्हणजे फाटक जसे होते तसे ठेवणे, मेंढ्या-कोकरांना न बिथरविणे आणि केळीची सालही परत आणणे.

खाण्याची बाब आपल्या घरांना जरा अधिक विचाराची. खाकरा, दशमी, चिवडा, राजगिऱ्याची चिक्की बरोबर असली की प्रश्न मिटतो. विकत घ्यावयाचे झाल्यास ब्रिटनमध्ये वेष्टनावरील घटकांच्या यादीत अंडे, दूध यांसारखे ॲलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे अंडे चटकन दिसते. जिलेटिन मात्र तसे ठळक छापलेले असेलच असे नाही आणि मुलांच्या आवडत्या मऊ, रंगीत गोळ्यांत ते वारंवार असते. तेथे यादी पुरती वाचावी. चौविहार पाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात दुपारी चारच्या आतच. उन्हाळ्यात उजेडाच्या भरवशावर मुलांची झोपेची वेळ टळते; हिवाळ्यात दुपारचे जेवण हेच शेवटचे जेवण धरून दिवस आखावा लागतो.

मुलांना चालते ठेवायचे तर उपदेशाहून गोष्ट उपयोगी पडते, आणि या वाटेवर ती समोरच आहे. शिखरावरून दिसणारे लॉख कॅट्रिनचे पाणी ग्लासगोच्या नळांना येते. एकोणिसाव्या शतकात त्या शहरात पटकीच्या साथींनी हजारो बळी घेतले. मग या सरोवरापासून शहरापर्यंत बोगदे आणि कालवे खोदले गेले आणि १८५९ साली राणी व्हिक्टोरियाने त्या योजनेचे उद्घाटन केले. पाणी उताराच्या बळावरच शहराकडे जाते. १८६६ मध्ये ब्रिटनमध्ये पटकी पुन्हा आली, तेव्हा ग्लासगोत तिचा जोर फारसा चालला नाही. ग्लासगोत राहणाऱ्या नातवाला ‘तू सकाळी ज्या पाण्याने दात घासलेस, ते हेच’ असे सांगितले, तर दहा मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते. ऑगस्टमध्ये हेदरच्या जांभळ्या फुलांनी उतार रंगतात; उन्हाळ्यात उंच दांड्यावर घंटेसारखी फुले असलेले फॉक्सग्लोव्ह दिसते, ते विषारी आहे, त्याला हात लावू देऊ नये.

मे ते सप्टेंबर या काळात वारा पडला की मिज नावाची बारीक चिलटे थव्याने चावतात. पहाट आणि तिन्हीसांजा त्यांच्या. त्याहून गंभीर म्हणजे गोचीड. ब्रॅकन नावाच्या उंच नेच्यातून गेल्यावर ती अंगाला लागते आणि तिच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो. मुक्कामी परतल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला पाहावे. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी, तारीख लिहून ठेवावी आणि पुढील काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ उमटल्यास डॉक्टरांकडे जावे.

एकत्र कुटुंबात सर्वांनीच चढावे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. लॉख कॅट्रिनच्या ट्रॉसॅक्स धक्क्यापासून उत्तर काठाने एक डांबरी रस्ता जातो. तो खाजगी असून सर्वसामान्य मोटारींना तेथे प्रवेश नाही, म्हणून बाबागाडीला आणि आजी-आजोबांच्या गुडघ्यांना तो मानवतो. हवे तितके जावे, हवे तेथून परतावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ‘सर वॉल्टर स्कॉट’ ही आगबोटही याच धक्क्यावरून सुटते. बेन ॲनचे वाहनतळ येथून मोटारीने काही मिनिटांवर आहे. सून-मुलगा थोरल्या नातवंडांसह वर गेले असतील, तर भेटीची वेळ त्यांच्या परतीच्या वेळेहून तासभर पुढची धरावी.