देव सोडले, मालकी सुटली काय?

यंदाच्या वर्षावासात पिंगळीच्या विहारात आम्ही दोन पुस्तके वाचायला घेतली. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि उर्मिलाताई पवार यांचे ‘आयदान’ (२००३). दोन्ही आत्मकथने, दोन्ही आपल्याच भगिनींची. "धम्मग्रंथ सोडून ही पुस्तके कशाला?" असे एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले. त्यांना उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

बेबीताईंच्या वीरगावात धर्म म्हणजे अंगात येणे, आषाढातले नवस आणि थोरला मुलगा पोतराज म्हणून देवीला वाहणे. पोटाला अन्न नाही, तरी देवाचे देणे चुकत नाही. मुलांना शिकवा, देवाच्या नादी लागू नका, हे बाबासाहेबांनी जेजुरीला सांगितले आणि तेथून या आयाबायांचे आयुष्य पालटले.

उर्मिलाताईंचा जन्म १९४५ चा. १९५६ साली धम्मदीक्षा झाली तेव्हा त्या शाळकरी होत्या. आयदाने विणणाऱ्या आईची ही लेक शिकली, नोकरीला लागली, चळवळीत आली. येथे धम्म बाईला उभे करतो. पण ती एम.ए. करू लागते, सभांना जाऊ लागते, तेव्हा नवऱ्याला ते खुपते. बेबीताईंनी तर आपले लिखाण नवऱ्यापासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते! जुन्या धर्माचे देव गेले. उंबऱ्याआतली मालकी मात्र दोघींच्याही वाट्याला आली.

वकिलीत आम्ही हेच पाहतो. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क दिला. तरीही भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरातले भाऊ बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला घेऊन येतात. साडीचोळीवर तिची बोळवण होते.

वाचन संपल्यावर मागे बसलेली एक आजी म्हणाली, "देव तर आमी कवाच सोडले, साहेब. पर बापाच्या रानात माझं नाव कुठंय?"

विहारात कोणी बोलेना. प्रश्न विचारणारे उपासकही गप्प होते.

बांधवांनो, समतेची प्रतिज्ञा आपण दर धम्मचक्र प्रवर्तनदिनी घेतो. यंदा ती घेण्याआधी घरचा सातबारा काढून पाहा. वडील गेल्यावर झालेल्या फेरफारात बहिणीचे नाव लागले आहे काय? नसेल, तर ही दोन्ही पुस्तके आपण अजून वाचलेली नाहीत.