मनातला एक ‘च’

डोकं सारखं दुखतं, रात्री झोप लागत नाही, पोळी तव्यावर करपली तरी ध्यानात येत नाही, आणि डॉक्टरांच्या सगळ्या तपासण्या मात्र ठीक! अशा वेळी कोणी ‘समुपदेशकाकडे जाऊन ये’ असं सुचवलं, की आपल्याला रागच येतो. ‘म्हणजे मला काय वेड लागलंय?’ शिवाय मनात धास्ती असते ती वेगळीच. तिथला अनोळखी माणूस लहानपणापासूनचं सगळं उकरून काढणार, माहेर-सासरची लक्तरं बाहेर येणार.

म्हणून मैत्रिणींनो, आज अशा एका मानसोपचारतज्ज्ञाची ओळख करून देते, की ज्यांनी हे उकरणंच बरंचसं बाजूला ठेवलं. त्यांचं नाव अल्बर्ट एलिस.

त्यांचा जन्म 1913 साली अमेरिकेत पिट्सबर्ग इथे झाला. लहानपण गेलं न्यूयॉर्कमध्ये. वडील धंद्यापायी सदा बाहेरगावी, आई आपल्याच नादात. पाच ते सात या वयात मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे या पोराच्या इस्पितळाच्या आठ वाऱ्या झाल्या. त्यातला एक मुक्काम तर सुमारे दहा महिन्यांचा, आणि आईवडील भेटायला यायचे क्वचित. घरी असला, की धाकट्या भावंडांना उठवून तयार करण्याचं काम याच्याकडे. उगाळत बसायला एवढं बालपण कोणालाही जन्मभर पुरलं असतं!

पण एकोणीस वर्षांच्या एलिसनी वेगळंच केलं. मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती वाटे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून तिच्याशी बोलायचं, असा नेमच त्यांनी महिनाभर चालवला. सुमारे एकशेतीस बायकांजवळ ते जाऊन बसले. तीसेक जणी उठून चालत्या झाल्या, शंभर जणींशी बोलणं झालं, एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. तरी आकाश काही कोसळलं नाही, आणि भीती मात्र गेली. (बाकावरच्या बायकांना काय वाटलं असेल, हे कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. आपल्या चिरंजीवांना हा प्रयोग सांगू नका, बरं का!)

पुढे 1947 साली कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मग फ्रॉइडच्या पद्धतीचं मनोविश्लेषण शिकून तसे उपचारही केले. रुग्ण कोचावर पडून वर्षानुवर्षं बालपण आठवत. दुःखाचं मूळ सापडे, पण दुःख तिथंच! एलिसना ते पटेना. 1955 साली त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात.

ती समजायला आपल्या घरातलंच उदाहरण घेऊ. गौरी-गणपतीचं जेवण. जाऊबाई पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘आमटी अळणी झालीय गं.’ तुमची रात्रभर झोप उडाली. कोणामुळे? आपण म्हणणार, जाऊबाईंमुळे. एलिस म्हणतील, थांबा. जाऊबाईंचं बोलणं आणि तुमचं जागरण यांच्या मध्ये एक वाक्य आहे, आणि ते तुम्ही स्वतःशी बोललात: ‘माझ्या हातचं सगळ्यांना आवडलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी.’

‘आवडलं तर बरं’ ही इच्छा झाली. ती मोडली तर वाईट वाटेल, आणि वाटावंच. ‘आवडलंच पाहिजे’ हा झाला हट्ट. त्यानं झोप जाते. इंग्रजीत समजवायला एलिसना पुष्कळ शब्द खर्चावे लागले. आपल्या मराठीत तो सगळा फरक एका ‘च’ मध्ये मावतो.

असा ‘च’ शोधायला ते रुग्णाशी चक्क वाद घालत. ‘असं कुठे लिहिलंय?’ ‘पुरावा काय?’ आणि वर गृहपाठ! लोक हसतील या भीतीनं गारठलेल्यांना ते भुयारी रेल्वेत उभं राहून मोठ्यानं स्टेशनांची नावं पुकारायला लावत. आपल्याला एवढं नको. पाहुणे येणार असताना एकदा मुद्दाम नुसतं पिठलं-भात करून पाहा. त्यांची भाषा फार फटकळ होती, शिव्यासुद्धा असत. सगळ्यांनाच हे मानवतं असं नाही. नुकतंच जवळचं माणूस गेलेल्या बाईला वाद नको असतो, कोणीतरी ऐकून घेणारं हवं असतं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. ‘सगळं तुझ्या विचारांवर आहे’ हे वाक्य घरच्यांच्या हाती पडलं, की त्याचं हत्यार होतं. नवरा हात उगारतो आणि बाईला सांगतात, ‘तू मनाला लावून घेऊ नकोस.’ एलिसचं म्हणणं हे नव्हेच! मन ताळ्यावर आणायचं ते परिस्थिती बदलण्याची ताकद यावी म्हणून, निमूट सोसायला नव्हे. मारहाणीत आधी सुरक्षितता, बाकी नंतर. त्यासाठी 2005 सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि 181 ही महिला मदतवाहिनी आहे.

एलिस 2007 साली वारले. किशोर फडके यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आपल्याकडे आणली, तिच्यावर मराठीत पुस्तकंही लिहिली. डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी दुपारच्या निवांत वेळी वाचण्याजोगी आहे.

समुपदेशकाकडे जायचंच ठरवलं, तर शिक्षण काय, फी किती, बोललेलं घरी कळवणार का, हे पहिल्याच भेटीत विचारा. त्यात संकोच कसला? समुपदेशक औषधं देत नाहीत. ती लागली तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात. गावात कोणीच नसेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतूनही मिळते, पैसे पडत नाहीत. आणि फोन करण्याआधी कालच्या रात्री मनात घोळत राहिलेलं ते वाक्य वाण्याच्या यादीमागे लिहून ठेवा. बोलताना नेमकं तेच आठवत नाही.