वाजवणारा का रागावतो?

भजनाला बुवा वेळेवर येतात, पेटीवाला येतो, टाळकरी तर ताटावरून अर्धवट उठून येतात. आणि तबलजी मात्र कोपऱ्यात रुसून बसलेला आहे, असा प्रसंग तुमच्या गावात कधी ना कधी आलाच असेल. शिक्षक बंधुभगिनींना तो स्नेहसंमेलनात येतो. पोरांचे समूहगीत रंगात येणार, एवढ्यात ढोलकीवाला हात उचलून म्हणतो, "हे असं असेल तर मला जमणार नाही." मग आपण आपसांत म्हणतो, काय बुवा हा माणूस! एवढ्याशा गोष्टीवरून नाकावर राग!

मीही पूर्वी असेच म्हणत असे. माझा धंदा कॉलेजात मराठी शिकवण्याचा. तबला मी शिकलो तो हौसेपुरता, म्हणजे कुणी विचारलेच तर 'येतो थोडाफार' असे म्हणता येईल इतपत. पण थोडेफार येणाऱ्याइतका धोकादायक माणूस दुसरा नाही, हे मला एका मे महिन्यात कळले.

नागपूरच्या पूर्वेला कळमना आहे. धान्याचा, मिरचीचा, संत्र्यांचा मोठा बाजार म्हणून तुमच्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक असेल. माल घेऊन रात्री-अपरात्री तुम्ही तिथे उतरलाही असाल. बाजाराजवळच्या आमच्या वस्तीत मारुतीच्या देवळात शनिवारी भजन असते. तबल्यावर एक म्हातारे गृहस्थ बसतात. सारे आयुष्य त्यांनी बाजारात पोती उचलण्यात घालवले. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. त्या शनिवारी काकाजींना यायला उशीर झाला. बाहेरगावचे एक गायक आले होते, त्यांची पट्टी काळी दोन. आणि आमचा तबला काळी एकला लावलेला. मी म्हटले, त्यात काय मोठेसे! दुपारभर उन्हाने तापलेल्या ओट्यावर पडलेला तबला पुढे ओढला, हातोडी घेतली, गट्टे खाली ठोकले, गजऱ्यावर चार घाव घातले. पाचव्या घावाला 'फट्ट' असा आवाज झाला आणि पुडी गजऱ्यापासून फाटली.

काकाजी दारातच उभे होते. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, ते चामडं हाये जी, लोखंड नाई. तुमी त्याले इचारलं काय, चालते काय म्हणून?" आणि घरी निघून गेले. पुढचे तीन शनिवार आमचे भजन नुसत्या टाळांवर झाले.

चौथ्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो, आणि त्यांच्या रागाची एक एक गाठ त्यांनी माझ्यापुढे सोडली. मला जे समजले ते असे.

तबल्याचे तोंड कातड्याच्या वाद्यांनी ताणलेले असते. गजऱ्याची १६ घरे, वाद्यांखाली सरकवलेले लाकडाचे ८ गट्टे. गट्टे खाली गेले की ताण वाढतो, स्वर चढतो. बारीक फरक गजऱ्यावर करायचा : वरून ठोकले की स्वर चढतो, खालून ठोकले की उतरतो. हे झाले यंत्र. पण हे यंत्र हवा पिते! पावसाळ्यात ओल पिऊन कातडे सैल पडते, स्वर उतरतो. उन्हाळ्यात ते सुकून आकसते आणि कुणी हात न लावताच स्वर चढतो. आमच्या नागपूरला मे महिन्यात पारा कित्येकदा ४५ अंशांवर जातो. त्या हवेत तबला मुळातच ताठ झालेला असतो. त्याला वर आणखी ओढणे म्हणजे उपाशी बैलाला चढावर जुंपणे. जाणता वादक उन्हाळ्यात काम झाले की गट्टे थोडे वर सारून ठेवतो, गवसणी घालतो, वाद्य भिंतीच्या सावलीला ठेवतो. आपण काय करतो? तबला खिडकीत ठेवतो आणि वर फुलांचे तबक!

म्हणून ऐन वेळी पट्टी बदलणारा गायक हा वादकाचा पहिला वैरी. एक तबला वर-खाली जाऊन जाऊन किती जाणार? एखाद-दुसरा स्वर. आधी बुवा काळी एकमध्ये गाणार, मग कुणाची तरी मुलगी काळी चारमध्ये, असा बेत असेल तर लहान तोंडाचा दुसरा तबला हवा, नाहीतर आधी कळवायला हवे. पेटीवाल्याचे बरे असते, त्याला बोट दोन पट्ट्या पलीकडे टाकले की झाले. तबलजीला १६ घरे पुन्हा एका स्वरात आणावी लागतात, आणि ती आणत असता लोक म्हणतात, "काय ठोकाठोक लावली आहे, सुरू करा की!" ही ठोकाठोक चालू असताना आपण गप्प बसलो तर वादकाचा निम्मा राग तिथेच जिरतो, हा माझा अनुभव आहे.

आता शाईची गोष्ट. तबल्याच्या तोंडावरच्या काळ्या वर्तुळाला कुणी नखाने टोकरले, कुणी ओल्या हाताने थाप मारली, की वादकाच्या कपाळाची शीर उठते. ते काही शोभेचे गंध नव्हे. लोखंडाची बारीक पूड आणि भाताची खळ एकजीव करून तिचे थरावर थर चढवलेले असतात, आणि प्रत्येक थर दगडाने घासलेला असतो. नुसते ताणलेले कातडे वाजवले तर त्यातून अनेक नाद एकदम निघतात, पण त्यांचे एकमेकांशी जमत नाही. म्हणून डफाचा आवाज घुमतो, पण त्यात ठाम स्वर लागत नाही. शाईच्या वजनाने ते नाद रांगेत येतात : मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. मग तबला गाऊ लागतो.

हे कोडे शास्त्रीय रीतीने उलगडले ते चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी 'नेचर' नियतकालिकात यावर टिपण लिहिले आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध. प्रकाशावरील कामासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले हे शाळेतली मुले पाठ करतात, पण तबल्यामृदंगावर त्यांनी एवढा विचार केला होता हे फारसे कुणी सांगत नाही. आणि हेच रामन १९१० साली सरकारी हिशेब खात्याचे अधिकारी म्हणून काही काळ आपल्या नागपुरात होते! तबल्याचा विचार त्यांनी इथेच सुरू केला असे माझे म्हणणे नाही. आपले गावकरी म्हणून सांगितले, इतकेच.

काकाजींना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे मी पोट्ट्यांवर उगाच नाई बोंबलत." मी म्हटले, नाही काकाजी, मोठा शास्त्रज्ञ तुमच्या बाजूने आहे.

पखवाजाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या डाव्या तोंडाला दर वेळी ताजी कणीक लावावी लागते आणि वाजवून झाले की खरवडून काढावी लागते. कणीक कमी पडली तर धुमारा येत नाही, जास्त झाली तर आवाज बसतो. कणीक मागितल्यावर यजमानांच्या घरात जी कुजबुज होते, ती प्रत्येक मृदंग्याने ऐकलेली असते.

पण वाद्याच्या तक्रारी सोप्या, माणसांच्या अवघड. मंडप घालणारे प्रेमाने जाड गादी देतात. गादीत चुंबळ रुतते, तबला कलतो, डग्गा घसरतो, आणि वाजवणारा तासभर एका गुडघ्याने डग्गा आवरत बसतो. त्याला सतरंजी द्या, फार तर खाली एक फळी द्या. ध्वनिक्षेपकवाल्याचे तर विचारूच नका. गायकापुढे एक ध्वनिक्षेपक आणि तबल्याच्या नावाने शून्य. किंवा ठेवला तर त्यात 'एको' सोडून. भाविकांना वाटते, देऊळ कसे घुमते आहे! पण हिशेब करून पाहा. जलद लयीत सेकंदाला ८ अक्षरे वाजत असतील, तर एक अक्षर म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. एकोचा आवाज पाव सेकंदाने परत आला, तर पहिले अक्षर तिसऱ्याच्या डोक्यावर येऊन बसते. सगळी खिचडी. कर्णा दूर चौकात बांधला असेल तर त्याचेही असेच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ७० मीटरवरच्या कर्ण्याचा आवाज देवळात सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा येतो. दाराशी बसलेला टाळकरी त्या कर्ण्याच्या नादाने टाळ मारू लागला की भांडण ठरलेलेच. वारकऱ्यांनी मृदंग टाळकऱ्यांच्या रांगांच्या मध्ये घेतला, त्यात मोठे शहाणपण आहे : सगळ्यांच्या कानाला तो जवळ पडतो.

आणि लय! टाळकरी रंगात आले की लय चढवतात. कुणी मुद्दाम चढवत नाही, ती चढते. तबलजी ती ओढून धरतो, मग लोक त्यालाच म्हणतात, याचा हात जड आहे. उलट, वादकांनी वादकांवर घेतलेले आक्षेप मी ऐकले आहेत तेही खोटे नाहीत. "त्याला ठेका धरवत नाही, दर दोन आवर्तनांनी तिहाई मारतो." "अभंगाचा शब्द आला की नेमकी याची लग्गी सुरू." काकाजींचे मत असे की, चांगला भजनी वादक बुवा श्वास घेतात तेवढ्याच जागेत बोलतो. विलंबित ख्यालाबरोबर तास-तासभर नुसता ठेका स्वच्छ ठेवणारे तबलिये ऐकले की हे पटते. नव्या पोरांना मात्र ते पटत नाही. त्यांना मोबाइलवर जे दिसते ते सगळे एकाच अभंगात वाजवायचे असते. मी त्यांना फार दोष देत नाही. हात चालू लागला की तो थांबवणे ही पुढची इयत्ता आहे.

नटबोल्टच्या ढोलकीवरून तर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. जुने म्हणतात, लोखंडाने लाकडाचा आवाज आवळला जातो. नवे म्हणतात, पाना फिरवला की काम झाले. माझे विचाराल तर शाळेसाठी बोल्टचीच ढोलकी घ्या. तिथे वाजवणारे हात दर वर्षी बदलतात, आणि दोरी ओढून कडी बसवायला वेळ कुणाला आहे? फक्त वापर झाल्यावर बोल्ट अर्धा फेरा सैल करा आणि पाना ढोलकीच्याच पिशवीत बांधा, नाहीतर पुढच्या वर्षी तो प्रयोगशाळेत सापडतो. देवळातल्या भजनाला मात्र मला वादीचाच तबला बरा वाटतो. ही आवड म्हणा.

एका तक्रारीला उपाय पान्याचाही नाही आणि हातोडीचाही नाही. पोळा येतो श्रावणाच्या शेवटी, ऐन ओलीत. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. डफडे वाजवणाऱ्याचे कातडे पावसाने सैल होते आणि थोड्या थोड्या वेळाने ते जाळावर शेकावे लागते. तो काडीकचरा गोळा करून कडेला शेकत बसला की मिरवणुकीतले लोक हाक मारतात, "ए डफडेवाल्या, बसला काय? पैसे घेतले ना?" त्याला नाव नसते. पंगतीत तो शेवटी. कातडे कमावणारा, पुडी मढवणारा, डफडे वाजवणारा, हे सगळे पिढ्यान्पिढ्या देवळाच्या बाहेर उभे राहिले, आणि त्यांच्या हातचा मृदंग मात्र देवापुढे गेला. बाबासाहेबांचे ऐकून कित्येकांनी गावकीचे ते वाजवणेच सोडून दिले, त्यामागे हा अपमान होता. आज जो वाजवतो त्याला आपण निदान नावाने हाक मारावी आणि डफ शेकायला दहा मिनिटे द्यावीत. आता प्लॅस्टिकची तोंडे आली आहेत, ती शेकावी लागत नाहीत, हे त्या वाजवणाऱ्याच्या दृष्टीने सोयीचेच आहे. आवाज कर्कश लागतो अशी तक्रार करणारे आपण, शेकायला वेळ तरी कुठे देत होतो?

वादकांच्या सगळ्याच खोडींना शास्त्र असते असे मात्र समजू नका. हाताला पावडर लावावी की लावू नये, यावर मी दोन भल्या माणसांना महिनाभर अबोला धरताना पाहिले आहे. डग्ग्याची शाई कुठल्या अंगाला फिरवून ठेवावी, याबद्दल ज्याला त्याला आपल्या गुरूचे खरे वाटते. वाद्य ओलांडले की काकाजी अजूनही ओलांडणाऱ्याला पुन्हा उलट फिरून जायला लावतात. का, म्हणून विचारले तर म्हणतात, "तसंच असते."

पुडी मी माझ्या खर्चाने नवी मढवून आणली. पहिल्या शनिवारी काकाजी येण्याआधी मी सतरंजी घातली, चुंबळी मांडल्या, तबला गवसणीसकट सावलीत ठेवला आणि हातोडीला हात लावला नाही. काकाजी आले. सगळीकडे नजर टाकली. मग वाकून त्यांनी डग्ग्याची चुंबळ उचलली, दोन बोटे डावीकडे सरकवली, आणि बसले.