पुरुषाचे व्यसन आणि त्याचा उपचार



आपल्याकडील व्यसनमुक्ती केंद्रांत बहुतेक खाटांवर पुरुषच असतात. मग पुरुषांसाठी निराळ्या उपचाराची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १० ते ७५ वयाच्या पुरुषांपैकी २७.३ टक्के दारू घेणारे आढळले, स्त्रियांपैकी १.६ टक्के. परंतु त्याच पाहणीप्रमाणे दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. बाकीचे सदतीस कोठे अडले?

केंद्र दूर असते, खर्च झेपत नाही, हे खरेच. पण कामगारांत वावरताना मला दिसलेली मोठी धोंड निराळी आहे. मदत मागणे पुरुषाला कमीपणाचे वाटते. पगाराच्या दिवशी सोबती पहिला पेला पुढे करतात तो ‘मर्द आहेस ना?’ म्हणून, आणि पुढे घरचे म्हणतात, ‘मर्द असशील तर आजच सोड!’

हे दुसरे वाक्यही तितकेच घातक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवले तर हात कापतात, झोप उडते, झटके येऊ शकतात. दोनतीन दिवसांत काहींना भ्रम होतो, आणि उपचार न झाल्यास जिवावर बेतते. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली तर धाप लागते, रक्तदाब घसरतो. ते नवऱ्याच्या जेवणात चोरून कालवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होय. त्याला सांगून, डॉक्टरांना विचारूनच ते द्यावे.

शरीर सावरले की बोलण्याचे काम सुरू होते. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे शेअरदलाल बिल विल्सन आणि शल्यवैद्य बॉब स्मिथ हे दोघे मद्यपी एकमेकांशी मोकळेपणी बोलले, आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. बायकोवर उगारलेला हात, कर्ज, गेलेली नोकरी, ही लाज पुरुष आपल्यासारख्याच पुरुषांपुढे लवकर उघडी करतो. पुरुषांचा वेगळा गट हवा तो यासाठी. मात्र घरच्या स्त्रीने सोसलेले त्यात झाकले जाऊ नये. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, तो याच जाणिवेतून.

आता राहिली नोकरी. बरा होऊन आलेल्याची जागा भरली गेली असेल, तर तो पुन्हा गुत्त्याकडे वळला यात नवल काय? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारूच्या व्यसनाशी निगडित विकार मानसिक आजारांत धरले आहेत. तेव्हा आजाऱ्याला मिळते तशी रजा आणि परतल्यावर कामाची हमी यालाही मिळावी, असे कलम प्रत्येक संघटनेने करारात मागावे. आणि सोबत्यांनी पगाराच्या संध्याकाळी त्याच्याबरोबर चालत त्याच्या घरापर्यंत जावे. एवढे तर आपल्या हाती आहे.