वीजवाहिनीची दुरुस्ती आणि ‘परमिट’ : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

रब्बी हंगामात ओलिताच्या वेळी फ्यूज उडाला, की वाशीमसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात शेतकरी अनेकदा स्वतःच डीपी उघडतो. वीज बंद करणे आणि वाहिनी निर्धोक करणे या दोन भिन्न क्रिया होत. ३३/११ केव्ही उपकेंद्रातील ब्रेकर उघडल्याने प्रवाह थांबतो. परंतु तो दुसऱ्याच्या हातून पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून आयसोलेटर उघडून त्यास कुलूप व ‘माणसे कामावर आहेत’ असा फलक लावावा लागतो आणि यंत्रचालक तंत्रज्ञास लेखी परमिट देतो. ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत केल्यावर वाहिनी सुरू करावयाची असते. फोनवरील ‘लाईन सोडा’ या निरोपास येथे स्थान नाही.

याहून उपेक्षित धोका उलट्या प्रवाहाचा. चेंजओव्हर स्विचविना जनित्र जोडल्यास तेच रोहित्र उलट दिशेने कार्य करून ११,००० व्होल्टची वाहिनी सजीव करू शकते. उपकेंद्रातील कुलूप तेथे निरुपयोगी. यास्तव वीज नसल्याची चाचणीने खात्री करून कामाच्या दोन्ही बाजूंस तिन्ही तारा अर्थिंग रॉडने जमिनीशी जोडतात. डीपी उघडणाऱ्या शेतकऱ्याजवळ परमिटही नसते आणि अर्थिंग रॉडही.